ग्रुपवर गेलेली थाप

रोहिणी रडली तवा खोलीत कुणी कुणाला एक अक्षर बोललेलं नव्हतं. देवाची शपथ मी घेत न्हाई, माझ्या शपथांनी देव पार बेजार झालाय. पण माझा एक डोळा अजून शाबूत हाय आन् त्या डोळ्यानं मी बगत व्हते. इतवारची दुपार. बीडातल्या ह्या भाड्याच्या दोन खोल्या, जिथं नातीच्या कॉलेजापायी मी चार वर्षं झाली भाकरी थापीत बसलेय. चौघं माझ्या म्होरं. नात राजनंदिनी पलंगावर. ईश्वरी भिंतीला टेकून, किराणा दुकानदाराची पोरगी, केसाला वासाचं तेल. दाराजवळ सुग्रीव, त्याचे पाय एवढाले लांब की कुठं ठिवावं ते त्यालाच कळत न्हाई. आन् खाली सतरंजीवर रोहिणी, मांडीवर यंत्राची तारा निघालेली हिरवी पाटी. चौघांनी मिळून शेवटच्या वर्षाला एक यंत्र करायचं व्हतं, कापसात ओल किती ते सांगणारं. मी म्हणलं व्हतं, मुठीत दाबून मी सांगते की, मलाच उभी करा सरापुढं. त्यावर हसली व्हती चौघं. ते पहिल्या महिन्यात. आता चौघांच्या माना खाली, चौघांच्या हातात फोन, आन् मी कोपऱ्यात ग्यासवर धपाटे लावत व्हते. तव्याचा आवाज तेवढा. आन् मधीच टुंग. मग टुंग टुंग. बोटं निस्ती वळवळत व्हती काचेवर, वांग्यात अळी वळवळती तशी. सुग्रीवनं एका हातानं धपाटा मोडला, बगितला न्हाई, तोंडात कोंबला, तेलाचा अंगठा पँटीला पुसला आन् परत काचेवर. मी म्हणलं, बघ तरी बाबा काय खातोस, चप्पल वाढली तरी कळायचं न्हाई तुला. कुणी हसलं न्हाई. आन् तेवढ्यात रोहिणीच्या डोळ्यातनं टपकन पाणी पडलं काचेवर. तिनं ते बोटानं पुसलं. पाटी पिशवीत घातली, उठली, माझ्याकडं बगून "येते आजी" म्हणली आन् गेली. तिच्या ताटलीत धपाटा तसाच, दह्यावर साय धरलेली.

"काय झालं गं?" मी नातीला इचारलं. "काय न्हाई." "कोण काय बोललं तिला?" "कुणी न्हाई बोललं आजी." "मग रडली कावून?" तवा सुग्रीव म्हणला, "भांडण झालं, आजी." "कवा?" "आत्ताच." "कुठं रं?" "ग्रुपवर." मी एकदा त्याच्याकडं, एकदा ईश्वरीकडं बगितलं. कुणाचा श्वास वर-खाली न्हाई, नाकाचा शेंडा लाल न्हाई. भांडण करून उठलेल्या माणसाच्या अंगाला एक वास असतो, घामाचा आन् जळक्या दुधाचा. तो कुठं नव्हता. ईश्वरीच्या केसातल्या तेलाचा वास तेवढा. माझ्या घरात, माझ्या तव्यापशी, एका पोरीला तिघांनी मिळून फाडलं आन् मला त्याची चाहूल न्हाई. अशी शिसारी आली, जशी घागरीतलं अर्धं पाणी प्यायल्यावर तळाला पाल दिसावी.

आमच्या युसूफ वडगावात भांडणाला आवाज असायचा. माझी जाऊ कडूबाई, तिचा माझा असा आवाज की लिंबावरचे कावळे उठून केजला जायचे आन् तिथल्या लोकांना कळायचं, आज वडगावात सुंदराबाई तापली. हे थोडं वाढवून सांगतेय. धारूरपतूर जायचे. कडूबाई कमरेला पदर खोचून दारात, मी माझ्या दारात, मधी गल्ली. ती माझं माहेर काढायची, मी तिचं. ती बोटं मोडायची, मी हात वाजवायचे. पण तिच्या तोंडाकडं माझं ध्यान असायचं. खालचा ओठ हलायला लागला का मी आवाज चढवायचे, डोळा भरला का उतरवायचे. ते कुणी शिकवलेलं नव्हतं. समोर तोंड असलं की हातातली काठी आपोआप थांबती. आन् दिवस मावळायच्या आत दोघींतली एक जण वाटी घिऊन जायची दुसरीकडं, इरजण मागाया. घरात इरजण असलं तरी. तिनं चमचाभर दही घातलं का तकरार मिटली, दुसऱ्या दिवशी दोन घरचं दही एकाच चवीचं. ह्या पोरांना मी म्हणलं, आरं समोर बसला व्हता ना, मग तोंडानं का न्हाई भांडला? सुग्रीव म्हणला, "समोर कसंतरी वाटतं आजी." कसंतरी वाटतं! बाबा, ते कसंतरीच तर राखतं माणसाला.

ती दोघं गेल्यावर राजनंदिनीनं सांगितलं. रोहिणी ग्रुपवरचं वाचती आन् उत्तर देत न्हाई. काचेवर दोन निळ्या खुणा उमटत्यात म्हणं, माणसानं वाचलं का. "चार-चारदा इचारलं आजी, यंत्र कुठवर आलं. वाचती, गप बसती. आमी काय तिचे नोकर हाय? मी लीडर हाय. आज लिव्हलं, नाव काढू का तुझं? तर म्हणती काढा." "असं म्हणली?" "लिव्हलं." "कसं म्हणली ते सांग. रागानं, का रडत?" "लिव्हलं आजी. लिव्हलेल्याला काय असतंय?" फोन तिनं माझ्याम्होरं धरला. मला वाचता येतं, सातवी पास हाय मी, पोथी वाचती. पण ही लेकरं मराठी इंग्रजी अक्षरात लिव्हत्यात. बोलणं आपलं आन् अंगावर कपडे साहेबाचे. मुंग्यांची रांग दिसली निस्ती. बुधवारी सराला नावं द्यायची व्हती. ज्याचं नाव यंत्राच्या कागदावर न्हाई त्याचं वर्ष गेलं. रोहिणीचे आईबाप ऊसतोडीला कारखान्यावर, ती इथं मावशीकडं राहून शिकतेय. तिचं एक वर्ष गेलं तर पुढचं वर्ष कोण देतंय तिला? पुढच्या हंगामाला आईच्या शेजारी कोयता. हे नातीला बी ठाऊक व्हतं. तरी तिचा अंगठा काचेवर फिरतच व्हता, आन् तोंड कसं, फरशी पुसल्यावानी.

आता माझं पाप सांगते. मी थापाडी हाय. लहानपणापासून. आमचे मालक, विठ्ठलराव, जित्ते असताना पाव्हण्यांना सांगायचे, हिचं नाक फुगलं का समजा थाप चाललीय. मी म्हणायचे, आमच्या हिरीत मगर हाय, ती एकादशीला वर येती. माणसं माझ्या नाकाकडं बगायची, गालात हसायची, आन् एखादा म्हणायचा, मग द्वादशीला काय खाती हो वैनी? अशी ती थाप दोघंतिघं मिळून वाढवायची. थाप एकटीनं मारता येत न्हाई, ऐकणारा बी तेवढाच बेरकी लागतो. दिंद्रुडला माझी धाकटी बहीण वनमाला हाय, तिला मी नातीच्या फोनवरून रोज सकाळी आवाज पाठवते. बटण दाबून धरायचं, बोलायचं, सोडायचं. वनमाला मला पासष्ट वर्षं वळखती, तिला फोनातनं बी माझं नाक दिसतं. तेवढ्यावर मी समजले, मला हे यंत्र जमलं.

सोमवारी सकाळी राजनंदिनी न्हाणीत गेली. फोन उशीवर. टुंग झालं. मी उचलला. गरम व्हता, रात्रभर तिच्या गालाखाली राहून, बेडकाच्या पोटावानी गरम आन् चिकट. काचेवर गालाचं तेल, बोटाचे ठसे. पदरानं पुसला तर तेल निस्तं पसरलं. ग्रुपचं चित्र मला ठाऊक व्हतं, कापसाचं बोंड. दाबलं. बटण धरलं. मनात एवढंच की ह्या दगडांना पाझर फोडावा, पोरीला गोड बोलायला लावावं, आन् जमलं तर हसवावं. म्हणले, "लेकरांनो, मी सुंदराआजी बोलतेय. त्या रोहिणीवर तोंड टाकू नका. तुमाला ठाव न्हाई, तिचं लगीन ठरलंय. आष्टीकडचा पाव्हणा हाय, पलटणीत हाय, साडेसहा फुटाचा, दारातनं वाकून येतो आन् वाकायचं इसरला तर चौकट गळ्यात घिऊन येतो. सासरा म्हणतो शिक्षण बास. पोरगी रडून रडून अशी झालीय की मावशीनं तिच्याखाली घागर ठिवलीय, तेवढंच सांडायचं पाणी. जायची हाय ती पंधरा दिवसांत. तवा तिच्यासंगं नीट बोला." नाक एवढं फुगलं व्हतं की नथ असती तर उडाली असती. बटण सोडलं. लई गंमत वाटली. नात न्हाऊन आली, तिला सांगितलं न्हाई. वाटलं, आता येतील पळत. ईश्वरी म्हणंल, आजी, काय हो हे, चौकट घिऊन कसा येईल? मग रोहिणीला बोलवू, हसू. दिवसभर मी दाराकडं बगत बसले. कुणी आलं न्हाई. राजनंदिनी कॉलेजातून आली ती गप. माझ्याकडं बगीना. म्हणलं, काय झालं? "काय न्हाई."

मंगळवारी दुपारी रोहिणीच आली. दारात उभी, चप्पल पायातच. "आजी, माझं लगीन ठरलंय व्हय?" मी खळखळून हसले. देवा, मी हसले! म्हणलं, आली का घागर भरून? ती हसली न्हाई. म्हणली, "फोन माझा न्हाई आजी. मावशीच्या मालकाचा हाय. ते टेंपो चालवत्यात, दिवसा फोन त्यांच्याजवळ असतो. ग्रुपचं ते उघडत्यात, गाणं-बिणं असंल म्हणून. मला रातच्याला मिळतो, कधी मिळत न्हाई. इतवारी ते घरी व्हते म्हणून आणला व्हता." दोन निळ्या खुणा. चार महिने वाचत व्हता तो टेंपोवाला, आन् ही लेकरं भांडत व्हती हिच्याशी. "मग सांगायचं ना गं तोंडानं?" "काय सांगू? माझ्याजवळ फोन न्हाई असं?" तिनं खाली बगितलं. तिच्या पायाची बोटं चपलीत आखडली व्हती. "तुमचा आवाज त्यांनी मांजरसुंब्याच्या घाटात ऐकला. टेंपो तसाच वळवून घरी आले. मावशीला म्हणले, पोरीचं लगीन ठरलं आन् मला पत्ता न्हाई? मावशीनं मला मारलं. म्हणली, कोण हाय तो आष्टीचा?" मग म्हणली, "सुग्रीवनं तो आवाज सरांना पाठवला. सर म्हणले, जाणारच हाय तर तिघांचीच नावं द्या. उद्या कागद जातोय." तिनं पिशवीतनं पाटी काढली, पदराखाली झाकून दूध आणावं तशी. "यंत्र झालंय आजी. परवाच झालंय. मी कुणाला सांगितलं न्हाई, समोर दाखवीन म्हणलं."

ती गेल्यावर मी मोरीत जाऊन ओकले. खोटं न्हाई, आन् वाढवून बी न्हाई. माझी जबान मला तोंडात सुजल्यावानी लागली, दुसऱ्याच कुणाची तरी, कशाला कशाला लागून आलेली. सत्तर वर्षं थापा मारल्या, एका माणसाचा केस वाकडा झाला न्हाई. कारण ज्याला सांगितली त्याच्या डोळ्यात बगून सांगितली. ही पैली थाप, जी मी तोंड न बगता सोडली. नाक घरीच राह्यलं. आवाज तेवढा गेला, सुग्रीवकडनं सराकडं, टेंपोतनं घाटात, आन् जिथं गेला तिथं खरा झाला. राजनंदिनी आली तवा मी तिला धरलं. "तुला कळलं न्हाई ती थाप व्हती? तू माझी नात ना गं?" ती म्हणली, "आधी वाटलं थाप हाय. मग सुग्रीवनं लिव्हलं, बिच्चारी. ईश्वरीनं रडकं तोंड टाकलं. सगळ्यांना खरं वाटत व्हतं आजी. मी एकटी कशी म्हणू?" तिनं माझ्याकडं बगितलं न्हाई. मग हळूच म्हणली, "आन् तिघांत सोपं पडलं असतं, तिची वाट बगायला नको." तिच्या तोंडाचा मला असा वीट आला, आन् ते तोंड माझ्यावर गेलंय, सगळी म्हणत्यात.

बुधवारी मी कॉलेजात गेले. इरकलं नेसून, नातीच्या दंडाला धरून. सर केदारनाथ, पोरगेलाच, गळ्यात ओळखपत्राची फीत, बोलायला अदबीचा. खुर्ची दिली, पाणी दिलं. रोहिणी दाराशी, ईश्वरी आन् सुग्रीव भिंतीला. मी म्हणलं, सर, ती थाप व्हती. पोरीचं लगीन न्हाई, काय न्हाई, मी थापाडी म्हातारी. सर हसले. "आजी, राजनंदिनी सांगत असती तुमच्याबद्दल. हिरीतली मगर." म्हणलं, व्हय, तशीच ही. "मग आत्ताची कशावरून थाप न्हाई? रोहिणीनं तुमाला आणलं असंल. तिच्याबद्दल वाईट वाटतंय म्हणून तुमी बोलताय." मी त्याच्या डोळ्यात बगून बोलत व्हते. हातभर अंतर. माझं नाक, माझा डोळा, सगळं समोर. आन् त्यानं टेबलावरचा फोन उचलला, म्हणला, "हा आवाज तुमचाच ना?" आन् लावला.

मी माझा आवाज कधी ऐकला नव्हता. वनमालाला पाठवायचे, ऐकायचे न्हाई. पातळ, घोगरा, लाडिक. जिभेचा चपचप आवाज. दात नसलेल्या तोंडातली थुकी त्यात ऐकू येत व्हती. चौकट गळ्यात घिऊन येतो म्हणताना ती बाई स्वतःच खुसखुसत व्हती, आन् दाराशी उभं राहून रोहिणी ते ऐकत व्हती. मला वाटलं, त्या फोनात हात घालून त्या बाईला झिंज्या धरून भाईर वढावं. सर म्हणले, "बघा, किती खरं वाटतंय. असं करा आजी. जिथनं आलंय तिथंच टाका. ग्रुपवर. सुग्रीव मला पाठवील, म्हणजे माझ्याकडं बी पुरावा राहील." समोर बसलेल्या बाईचं खरं न्हाई, काचेतल्या बाईचं खरं. राजनंदिनीनं फोन दिला. हात लावू वाटेना. तरी बटण धरलं. "मी सुंदराबाई. रोहिणीचं लगीन ठरलेलं न्हाई. मी खोटं बोलले. तिचं नाव घ्या." सोडलं. ईश्वरीच्या आन् सुग्रीवच्या फोनात तो टुंगला, सगळ्यांनी त्याच खोलीत तो ऐकला. सुग्रीव डोकं खाजवत म्हणला, "आजी, राग धरू नका, पण हे कुणीतरी पढवल्यावानी वाटतंय." ईश्वरी म्हणली, "तुमी असं बोलतच न्हाई आजी." सरानं बी मान हलवली. माझं खरं त्यांना खोटं वाटलं, कारण त्याला मीठ-मिरची नव्हती.

मग मी ते केलं ज्याची मला आजून किळस येती. परत बटण धरलं. नाक फुगवलं. म्हणले, "आरं येड्यांनो, साडेसहा फुटाचा नवरदेव चौकट गळ्यात घिऊन फिरंल तर पलटण त्याला ठिवंल का, का सुताराच्या दुकानात बसवंल? घागरभर रडाया ती पोरगी हाय का हिरीची मोट? मी म्हातारीनं मजा केली. आष्टीत माझं कुत्रं वळखीचं न्हाई. ज्या पोरीनं तुमचं यंत्र एकटीनं केलं, जिच्या हातात फोन बी न्हाई, तिच्या जिवावर तुमी तिघं पास व्हनार आन् नाव काढनार तिचंच? आसं कराल तर पुढच्या एकादशीला मगर तुमच्या घरी पाठवीन." एक फालतू हसू बी घातलं शेवटी. टुंग. खोलीत सगळी हसली. सर लई हसले, म्हणले, आता पटलं, ह्या आजी! आन् कागदावर चौथं नाव लिव्हलं. मी बगितलं, अक्षर न् अक्षर, रोहिणी. इंग्रजीत व्हतं, तरी नातीकडनं दोनदा वाचून घेतलं. पोरीनं पाटी टेबलावर ठिवली, सरानं कापसाची चिमूट घातली, काट्यानं आकडा दावला. काम झालं. पण हसताना मी बगत व्हते त्यांची तोंडं. सुग्रीवनं "सॉरी" म्हणलं ते बी फोनात बगून. कुणाच्या डोळ्यात पाणी आलं न्हाई, कुणाचा ओठ हलला न्हाई. खरं सांगायला मला सोंग करावं लागलं, आन् सोंगालाच माणसं भुलली.

चार वाजता रोहिणी नातीसंगं घरी आली. एक तार राह्यली व्हती तिची पलंगाखाली. नातीनं तिला यंत्राच्या कामापुरता एक जुना फोन दिलेला, काचेला तडा गेलेला, माझ्या लेकाचा. मी रोहिणीला म्हणलं, बस. ती पायरीवर बसली. मी समोर बसले, गुडघ्याला गुडघा लागंल एवढ्या जवळ. म्हणलं, "आता दे मला शिव्या. मनात हाय ते सगळं काढ. मावशीचा मार लागलाय तुला माझ्यापायी. भांड माझ्याशी. माझं माहेर काढ, मला रांड म्हण, मी आवाज करत न्हाई, तू कर." तिनं माझ्याकडं बगितलं. गालावर पिवळा डाग व्हता, बोटांचा. ओठ हलला, खालचा. मी वाट बगत राह्यले. "न्हाई आजी," ती म्हणली, "तुमी मोठ्या." आन् मान खाली घातली. तिचा अंगठा त्या तडकलेल्या काचेवर हलत व्हता. लई येळ हलत व्हता, थांबायचा, परत हलायचा. माझ्या गुडघ्यापशी, एका हाताच्या अंतरावर. मी त्या अंगठ्याकडं बगत व्हते. मग ती उठली, तार पिशवीत घातली, पाया पडली, "येते" म्हणली आन् गल्लीच्या वळणावर गेली.

आत टुंग झालं. "बघ," मी नातीला म्हणलं, "काय लिव्हलंय तिनं." राजनंदिनीनं फोन घेतला. वाचाया लागली, मनातल्या मनात. बोटानं काच वर सरकवली. परत सरकवली. तिसऱ्यांदा सरकवली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चौथ्यांदा सरकवून ती थांबली आन् खाकरली. "काय म्हणती?" मी म्हणलं.

"आभार मानलेत आजी तुझे," ती म्हणली. "एवढंच हाय."

माझ्या समोर, माझ्या नातीनं. सत्तर वर्षांत माझ्यापुढं कुणाची थाप टिकली न्हाई, नजर कुठं जाती, घास कुठं अडतो, मला अंधारात बी कळतं. मी हात पुढं केला, फोन मागाया. मुंग्यांची रांग, त्यात मला काय कळनार व्हतं. हात माघारी घेतला.

"बरं," म्हणले मी. "लई गुणाची पोरगी."